हवेत मिसळणारा कोरस

कोरस म्हणजे गिटारचा एकच सूर अनेकांनी मिळून लावल्यासारखा भरदार करणारा इफेक्ट. जुन्या कोरसचा आवाज नव्या पेडलमधून, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या खोक्यातून, काढायला बसलेले बहुतेक जण आधी चिपच्या मागे लागतात. माझ्या मते त्या आवाजाचं निम्मं गुपित चिपमध्ये नाहीच. ते दोन स्पीकरांच्या मधल्या हवेत आहे.

१९७५ साली जपानच्या रोलंड कंपनीने जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, आणला. त्याच्या एकाच खोक्यात ६० वॉटचे दोन अँप आणि १२ इंची दोन स्पीकर होते. कोरस लावला की एका स्पीकरमधून गिटारचा मूळ सूर जसाच्या तसा येई आणि दुसऱ्यातून तोच सूर किंचित उशिरा, हलके डोलत. दोन्हींची गाठ पडे ती ऐकणाऱ्याच्या कानापाशी. आरतीला दहा जण एकच सूर लावतात, पण प्रत्येकाचा केसभर वेगळा असतो आणि त्यामुळेच तो आवाज भरदार वाटतो. कोरस हे नाव त्यावरूनच आलं.

हा उशीर घडवते बकेट ब्रिगेड नावाची चिप. १९६९मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी ही कल्पना मांडली. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसा विजेचा भार एका कॅपॅसिटरकडून पुढच्याकडे सरकतो. हा भार पुढे सरकवणारी घड्याळी स्पंदनं जलद असली की उशीर कमी, संथ असली की जास्त. ५१२ टप्प्यांच्या चिपला सेकंदाला ५० हजार स्पंदनं दिली की उशीर साधारण ५ मिलिसेकंदांचा होतो. स्पंदनांचा वेग सतत हळूहळू बदलत ठेवला की उशीर आखडताना सूर जरा चढतो आणि लांबताना उतरतो. जवळ येऊन लांब जाणाऱ्या एक्सप्रेसचा भोंगा असाच चढतो-उतरतो. स्पंदनांची कुरकुर कानावर पडू नये म्हणून आगेमागे फिल्टर लावावे लागत आणि त्यात वरचे, धारदार स्वर कापले जात. लोक ज्याला जुन्या कोरसची ऊब म्हणतात, ती बरीचशी या कापाकापीतून आलेली आहे.

१९७६ साली हेच सर्किट अँपमधून बाहेर काढून रोलंडच्याच बॉस या ब्रँडने सीई-१ हा कोरस पेडल बनवला. बॉसचा हा पहिलाच पेडल, थेट विजेच्या प्लगवर चालणारा. त्याच्या दोन्ही आउटपुटना वेगवेगळे अँप जोडले की जेसी-१२०ची तीच रचना मिळे. शिवाय त्याचा प्रीअँप, म्हणजे आत येणारा सिग्नल आधी वाढवणारा भाग, स्वतःचा रंग चढवी, आणि तो रंग मला फार आवडतो. १९७९चा सीई-२ मात्र ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पेडल, एकच आउटपुट असलेला. म्हणजे मूळ आणि डोलता सूर आतच एकत्र. गोड आहे, पण तो मोकळेपणा त्यात नाही.

इथे एक गल्लत हमखास होते. पोलिस या बँडच्या सुरुवातीच्या गाण्यांतला गिटारिस्ट अँडी समर्सचा आवाज कोरस म्हणून शोधला जातो. तो इलेक्ट्रिक मिस्ट्रेस या फ्लँजरचा, म्हणजे कोरसच्या भाऊबंद पण वेगळ्या इफेक्टचा, आहे.

२०१६मध्ये आलेल्या सीई-२डब्ल्यूमध्ये सीई-१ आणि सीई-२ दोन्हींचे आवाज आहेत आणि स्टिरिओ आउटपुटही. हाती साधा डिजिटल पेडल असेल तरी जमतं, फक्त त्याला मिक्सचा नॉब हवा. गिटारच्या सिग्नलचे दोन भाग करायचे. एक थेट पहिल्या अँपला, दुसरा पेडलमधून दुसऱ्या अँपला. मिक्स पूर्ण चढवायचा, म्हणजे पेडलमधून फक्त डोलता सूर येईल. वेग संथ ठेवायचा, डोलणं माफक. दुसऱ्या अँपचा ट्रेबल उतरवायचा, कारण बरेच डिजिटल पेडल वरचे स्वर कापत नाहीत आणि आवाज काचेसारखा येतो. दोन्ही अँप सारख्याच जोरात हवेत. आधी ते एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवून ऐकायचं, मग जरा लांब सरकवून पुन्हा ऐकायचं.