ध्वजदिनाचे टोकन ध्वज

ध्वजदिनाचे टोकन ध्वज : सशस्त्र सेना ध्वजदिनी (७ डिसेंबर) देणगी देणाऱ्याच्या छातीवर लावायचे छोटे कागदी चिन्ह. लाल, गडद निळा व फिकट निळा हे त्याचे रंग अनुक्रमे भूदल, नौदल व वायुदलाचे. वाहनाच्या काचेसाठी मोठा ध्वज असतो. विदर्भातील खेड्यांत दोहोंना सरसकट ‘झेंडा’च म्हणतात.

या प्रथेचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. ब्रिटिश अमदानीत ११ नोव्हेंबरला ‘पॉपी डे’ पाळला जाई आणि खसखशीच्या कुळातील लाल फुलाची कागदी प्रतिकृती देऊन माजी सैनिकांसाठी निधी जमवीत. ब्रिटनमध्ये ही चाल १९२१ पासूनची. ध्वजदिन हा तिचाच स्वदेशी अवतार, असे सामान्यतः मानतात. मात्र रस्त्यावर कागदी निशाणे टोचून वर्गणी घेण्याचे ‘फ्लॅग डे’ ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातच रूढ झाले होते. तेव्हा प्रयोजन पॉपीचे आणि नाव व वस्तू या निशाणांची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संरक्षणमंत्र्यांच्या समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी ७ डिसेंबर ही तारीख ठरवली. त्या वेळी विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. महाराष्ट्राच्या सैनिक कल्याण यंत्रणेशी तो पुढे जोडला गेला. ध्वजदिन निधीसह संबंधित इतर कल्याणनिधी १९९३ मध्ये एकत्र करण्यात आले.

ध्वज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून येतात. जिल्हाधिकारी विभागवार उद्दिष्ट ठरवून देतात. पुढचे वाटप तहसील, पंचायत समिती व शाळांमार्फत होते. ध्वज ही विक्रीची वस्तू नव्हे. रकमेचा पुरावा म्हणजे पावती, आणि ध्वज केवळ खूण. आठवडी बाजारात घाईने आधी ध्वज व मागाहून पावती दिली की संध्याकाळी मेळ बसत नाही. म्हणून पावती फाडल्यावरच ध्वज द्यावा. उरलेले मोजून परत करावेत. कर्मचाऱ्यांच्या पगारातून एकरकमी वर्गणी घेऊन उद्दिष्ट गाठले, तर ध्वज कपाटातच राहतात आणि गावाला दिवसाचा पत्ताही लागत नाही.

डिंकाचा ध्वज लोकरी स्वेटरवर टिकत नाही : लव डिंकाला चिकटते आणि कागद सुटतो. डिसेंबरच्या सकाळी शाळकरी मुले स्वेटरातच असतात; त्यामुळे ध्वज आतल्या सदऱ्यावर लावावा. कापूस वेचून आलेल्यांच्या कपड्यांवर धूळ असते. तिथे टाचणी बरी. टाचणी कापडातून एकदाच खाली-वर न काढता दोनदा ओवावी, म्हणजे ध्वज फिरत नाही. वाहनाची काच आतून कोरडी पुसावी. दवाचा ओलावा राहिला तर कडा उचलतात.

हा ध्वज म्हणजे तिरंगा नव्हे. रंगांचा अर्थ मुलांना वाटपाआधीच सांगावा लागतो. निधी युद्धात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी, तसेच सेवारत व माजी सैनिकांच्या कल्याणासाठी वापरला जातो. खडकी येथील अर्धांगवायूग्रस्त सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रालाही त्यातून मदत मिळते. संकलन ७ डिसेंबरला सुरू होत असले, तरी ते त्या एका दिवसापुरते नसते.