चेहऱ्यातली सणक आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं

दात घासताना, घास चावताना, नुसता गार वारा लागला तरी गालातून करंट गेल्यासारखी सणक येते. माणूस आधी दाताच्या डॉक्टरकडे जातो आणि कित्येकदा चांगला दातही गमावतो. दुखणं दाताचं नसतंच. ते असतं कपाळ, गाल आणि जबड्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचं.

बहुतेकांत एखादी रक्तवाहिनी या नसेवर दाबत असते. पण काहींत हल्लेखोर असते स्वतःचीच प्रतिकारशक्ती. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात ती नसेच्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खरवडते, उघडे पडलेले तंतू भलतेच संदेश पाठवतात आणि साध्या स्पर्शाची कळ होते. डोळे आणि तोंड कोरडे पाडणाऱ्या शोग्रेन आजाराची तऱ्हा निराळी. या नसेच्या संवेदना-पेशींचा पुंजका कवटीच्या तळाशी असतो. रक्त आणि नस यांच्यातला संरक्षक पडदा तिथे विरळ असल्याने पांढऱ्या पेशी सहज आत शिरतात. मग सणकेपेक्षा बधिरपणा, मुंग्या आणि सततची जळजळ जास्त जाणवते, कधी दोन्ही गालांत.

या आजारांत प्रतिकारशक्तीला आवर घालायला अझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, रिटुक्सिमॅब अशी औषधं दिली जातात. अझाथायोप्रिन पांढऱ्या पेशींना वाढायला लागणारा डीएनएचा कच्चा माल तोडतं. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. पण ही वेदनाशामकं नव्हेत, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला कळकळीनं वाटतं. अझाथायोप्रिनचा परिणाम दिसायलाच दोन-तीन महिने जातात. शिवाय ती पुढचा हल्ला रोखतात, मेलेली चेतापेशी परत आणत नाहीत. शोग्रेनमधलं चेहऱ्याचं दुखणं तर अनेकदा या औषधांना दादच देत नाही. म्हणून दुखण्यावर वेगळं औषध सोबत लागतं: सणकेला कार्बामाझेपिन, जळजळीला गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन.

खरी गफलत इथेच होते. कार्बामाझेपिन 1960 च्या दशकापासून या सणकेवर वापरलं जातंय आणि गुणकारी आहे. मात्र ते यकृतातली विकरं (औषधं मोडणारी एन्झाइम्स) इतकी चाळवतं, की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. प्रतिकारशक्तीची औषधं देणाऱ्या संधिवाततज्ज्ञाची चिठ्ठी सणकेवर औषध देणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञानं पाहिलीच नाही, तर एकाचं औषध दुसऱ्याचं बळ काढून घेतं. दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा. आणि बरं वाटत नाही म्हणून प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर मंदावलेलं असतं.

आपल्याकडे रिटुक्सिमॅबसारखं औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोग आणि हेपॅटायटिस बी तपासतात, ते टाळू नये. तितकंच लक्ष नागिणीकडे हवं. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू याच ट्रायजेमिनल पुंजक्यातही दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की जागा होऊ शकतो. नागिणीची निर्जीव लस 2023 पासून भारतात मिळते; शक्यतो औषध सुरू होण्याआधीच तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. कपाळावर किंवा डोळ्याभोवती एका बाजूला फोड उठले, तर 72 तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू व्हायला हवं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासायला हवं.