अतिनील दिव्यांची जुनी गोष्ट

अतिनील किरणांनी जंतू मारणं हे कोविडमधलं खूळ आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. मोबाइल आणि भाजी ‘शुद्ध’ करणारे डबे तेव्हाच दुकानांत दिसू लागले, म्हणून असेल. मुळात ही विद्या जुनी आहे आणि तिचा खरा संबंध आहे क्षयाशी.

उन्हात जंतूंची वाढ खुंटते, हे डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवलं. हवेकडे मात्र लक्ष वेधलं १९३०च्या दशकात, अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी. खोकल्यातून उडालेला बारीक थेंब खाली पडण्याआधीच सुकतो आणि उरलेला कण तरंगत राहतो, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गाच्या वरच्या भागात दिवे लावले, तिथे गोवर कमी पसरला. पुढे त्यांचे सहकारी रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरला क्षयाच्या वॉर्डातली हवा थेट गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या प्राण्यांना क्षय जडला. ज्यांच्या वाट्याला किरणांखालून गेलेली हवा आली, ते बचावले. इतका निर्वाळा मिळूनही दिवे मागे पडले, कारण स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागची औषधं आली होती. गोळीनं बरा होणारा रोग हवेत अडवायला कोण बसतो?

औषधं हरू लागली तेव्हा दिवा आठवला: आधी १९९०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये, मग जगभर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची सशर्त शिफारस केली. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणारे रुग्ण नोंदवले, त्याची बातमी २०१२च्या जानेवारीत देशभर गाजली. ‘पूर्णतः औषधप्रतिरोधक क्षय’ या त्याच्या नावावर सरकारनं हरकत घेतली, पण शहरातला औषधप्रतिरोधक क्षय काही नावापुरता नव्हता.

२५४ नॅनोमीटरचे हे किरण डोळ्यांना आणि कातडीला बाधतात, म्हणून दिवा माणसाच्या डोक्यावर, साधारण सात फुटांच्या वर बसवतात. खालची हवा तिथवर पोचवायला पंखा लागतो. आपल्या ओपीडीत तो असतोच. अडचण पावसाळ्याची. सरींमुळे खिडक्या बंद, रांग तेवढीच, आणि आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर गेली की किरणांचा मारा बोथट होतो. त्यामुळे इथे किती दिवे पुरतील याचा हिशेब जुलैच्या हवेवर मांडायला हवा, जानेवारीच्या नव्हे.