वॉचमेन (चित्रकथामालिका)

वॉचमेन : डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने १९८६–८७ मध्ये प्रसिद्ध केलेली १२ अंकांची सुपरहीरो मालिका. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स आणि रंगकार जॉन हिगिन्स हे तिघेही ब्रिटिश. चार्लटन कॉमिक्स या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेची पात्रे डीसीकडे आली होती आणि मूर यांचा आराखडा त्यांच्यावरच बेतलेला होता. कथेअखेर ती पुन्हा वापरण्याजोगी उरणार नाहीत, हे ओळखून संपादक डिक जोर्डानो यांनी नवी पात्रे घडवायला सांगितले. अशा रीतीने ‘क्वेश्चन’वरून रोर्शाक आला, ‘कॅप्टन ॲटम’वरून डॉक्टर मॅनहॅटन.

कथा १९८५च्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. अमेरिकेने व्हिएतनाम युद्ध जिंकले आहे, निक्सन अजून राष्ट्राध्यक्ष आहेत आणि मुखवटाधारी वीरांवर १९७७च्या कायद्याने बंदी आहे. त्यांपैकी ‘कॉमेडियन’ नावाच्या वीराचा खून होतो आणि रोर्शाक तपासाला लागतो.

पहिल्या वाचनात खुनी कोण याचीच ओढ लागते. मालिकेची खरी करामत दुसऱ्या वाचनात दिसते. पहिल्याच पानावर जगबुडीचा फलक घेऊन रक्तातून चालत जाणारा माणूस म्हणजे मुखवट्याविना रोर्शाक, हे तेव्हा लक्षात येते. बहुतेक पाने नऊ समान चौकटींच्या जाळीवर उभी आहेत. पाचव्या अंकाची पानरचना आरशातल्यासारखी आहे : पहिले पान शेवटच्याशी, दुसरे उपान्त्याशी जुळते. चौथ्या अंकात मंगळावर बसलेल्या मॅनहॅटनला भूत, वर्तमान, भविष्य एकदमच दिसतात. वाचकासमोरही सगळ्या चौकटी एकाच वेळी उघड्या असतातच. चित्रकथेखेरीज दुसऱ्या माध्यमात हे इतके सहज साधले नसते. पहिल्या अकरा अंकांच्या शेवटी आत्मचरित्राची प्रकरणे, पोलिसांची कागदपत्रे असा मजकूर येतो. बाराव्यात तो नाही.

काही बाजू मात्र आज खटकतात. लॉरी या मुखवटाधारी नायिकेला स्वतःची अशी कथा फारशी मिळत नाही. तिच्या आईवरील अत्याचाराची हाताळणी तर अस्वस्थ करते. पुढच्या अनुकरणकर्त्यांनी हिंसा आणि कडवटपणा तेवढा उचलला. रचनेची मेहनत कोण घेणार?

१९८८ मध्ये मालिकेला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुस्तक छपाईबाहेर गेल्यास हक्क निर्मात्यांकडे परतावेत, असा करार होता. खप इतका टिकला की ती वेळ आलीच नाही. मूर आणि डीसी यांच्यातील दुराव्याचे ते एक मोठे कारण ठरले. २००९च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत गिबन्स यांचे नाव आहे. मूर यांचे, त्यांच्याच इच्छेनुसार, नाही.