फुटवा वेगळा करायचा की छाट लावायची?

एका झाडाची दोन करायची म्हटलं की सगळे ‘कटिंग लाव’ असंच म्हणतात. पण फुटवा (झाडाच्या बुडाशी आलेलं पिल्लू) वेगळा करणं आणि छाट, म्हणजे कटिंग, लावणं ही दोन निराळी कामं आहेत. फुटव्याला मुळं आणि कोंब दोन्ही आधीच असतात, आपण फक्त वाटणी करतो. छाटीला जे नाही ते नव्याने घडवावं लागतं, आणि सगळ्याच झाडांना ते जमत नाही.

मनी प्लांटचं नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवा. मुळं झकास फुटतील, वेल मात्र कधीच होणार नाही, कारण नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून येतो. म्हणून पेराच्या सेंटीमीटरभर खाली कापायचं. मॉन्स्टेराचं नुसतं हवाई मूळ कापून लावणाऱ्यांचीही हीच फसगत होते. पीस लिली आणि कॅलाथियाच्या पानाची छाट लावूच नये, त्यांचा गड्डाच फोडावा लागतो.

खरा घोळ होतो तो स्नेक प्लांटमध्ये, कारण तिथे दोन्ही चालतं. पानाचे सात-आठ सेंटीमीटरचे तुकडे करा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) यांत दोन-तीन सेंटीमीटर खोल खोचा. ओली जखम लगेच मातीत गेली तर कुजते. खालचं टोक खालीच हवं, उलटा तुकडा रुजत नाही. त्यामुळे कापतानाच खालच्या टोकाला खाच पाडून ठेवा. मुळांना महिना-दोन महिने लागतात, कोंबाला त्याहून बरेच जास्त.

आणि तो कोंब येतो साधा हिरवा! पिवळ्या किनारीच्या जातीत दोन प्रकारच्या पेशी थरांनी मांडलेल्या असतात. पानाच्या तुकड्यातून येणारा कोंब ती मांडणी उचलत नाही. किनार हवी असेल तर फुटवाच वेगळा करा.

त्यासाठी कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा, माती झटका. फुटव्यांना जोडणारं जाड आडवं खोड दिसेल. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने ते असं कापा की प्रत्येक भागाला किमान तीन पानं आणि स्वतःची मुळं राहतील. नवी कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच रुंद घ्या. ‘वाढायला जागा’ म्हणून मोठी घेतली की माती ओलीच राहते आणि मुळं सडतात. स्नेक प्लांटला पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी द्या. पीस लिलीला मात्र लावल्याबरोबर द्या, तिची बारीक मुळं चटकन सुकतात.

झीझी प्लांटचं एकेक पानही रुजतं, पण ते आधी मातीत गाठ धरतं आणि महिनोनमहिने वर काहीच दिसत नाही. पान वाळलं म्हणून कुंडी रिकामी करण्याआधी माती बोटाने चाचपून बघा. आत वाटाण्याएवढी टणक गाठ लागली तर ती तशीच राहू द्या.