चिंध्यांतून पुन्हा धागा काढताना

कपड्याच्या कॉलरमागची पट्टी पाहिली तर बऱ्याचदा ‘६० टक्के कॉटन, ४० टक्के पॉलिस्टर’ असं काहीतरी छापलेलं असतं. कपडा जुना झाल्यावर त्याचं काय होणार, हे बहुतेक वेळा त्या एका ओळीतच ठरलेलं असतं. कापूस म्हणजे झाडाने घडवलेलं सेल्युलोज, तर पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून केलेलं प्लॅस्टिक. पाण्याच्या बाटल्याही त्याच प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीईटीच्या असतात. हे दोन्ही तंतू एकाच सुतात पिळलेले असल्याने ते निवडून वेगळे करणं अशक्य. कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यांत जात नाही. त्यामागे ही सरमिसळ हे एक मोठं कारण आहे.

चिंध्या फाडून, पिंजून पुन्हा सूत कातण्याची रीत तशी जुनी. इटलीतल्या प्रातो शहरात लोकरीच्या चिंध्यांचा हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. तिथे जुने स्वेटर आधी रंगांप्रमाणे निवडतात. लाल लोकर लालमध्येच गेली की ती पुन्हा रंगवावी लागत नाही, आणि रंगाईला लागणारं पाणी, रसायनं सगळंच वाचतं. मला हा फार शहाणपणाचा उद्योग वाटतो.

कापसाला मात्र हे झेपत नाही. त्याचा तंतू मुळात साधारण २५ ते ३० मिलिमीटरचा. यंत्राच्या दात्यांमध्ये कापड फाटतं तेव्हा तंतूही तुटतात, आणि आखूड तंतू पिळात टिकत नाहीत. त्यामुळे त्यात नवा कापूस घालावा लागतो. अगदीच आखूड राहिलेला माल गाद्यांच्या भरणात जातो.

म्हणून काही कंपन्या आणि संस्था रसायनशास्त्राकडे वळल्या. हाँगकाँगच्या वस्त्रसंशोधन संस्थेने एच अँड एम या कपड्यांच्या ब्रँडशी जोडलेल्या एच अँड एम फाउंडेशनच्या साहाय्याने एक पद्धत विकसित केली. मिश्र कापड दाबाखाली, गरम पाण्यात, थोड्या सौम्य रसायनासह ठेवायचं. कापसाच्या लांब साखळ्या तुटून त्याची भुकटी होते आणि पॉलिस्टरचे तंतू जसेच्या तसे हाती येतात. फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीने पॉलिस्टरसाठी विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) वापरलं. कुजणाऱ्या पाचोळ्याच्या खतात सापडलेल्या एका विकरात बदल करून तिच्या संशोधकांनी १० तासांत ९० टक्के पीईटीचे मूळ घटक सुटे केले. २०२० मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. घटक इतके सुटे झाले की जुना रंग गाळून काढता येतो. २०२४ मध्ये कंपनीने रंगीत टाकाऊ कापडापासून बनवलेला पांढरा टी-शर्ट दाखवला.

आज दुकानात ‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ म्हणून जे मिळतं, ते मात्र जवळजवळ सगळं बाटल्यांपासून केलेलं असतं. त्याने कपड्यांचा ढीग कमी होत नाही. उलट, ज्या बाटलीची पुन्हा बाटली झाली असती, ती त्या चक्रातून बाहेर पडते.

शिवणीचाही विचार करायला हवा. बटणं, चेन, लेबलं काढण्यातच निवडणाऱ्यांचा बराच वेळ जातो. बेल्जियमच्या रेझॉर्टेक्स कंपनीने ठरावीक तापमानाला वितळणारा शिवणीचा धागा बनवला आहे. कपडा भट्टीतून गेला की टाके सुटतात आणि भाग आपोआप वेगळे होतात. सुटं करणं सोपं जावं, हा विचार इथे कपडा शिवतानाच केलेला आहे. मला सर्वांत जास्त आशा वाटते ती अशा कामाकडून.

तंत्र जमलं तरी गिऱ्हाईक लागतंच. स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीने कापसाच्या जुन्या कपड्यांचा लगदा करून त्यापासून व्हिस्कोस, म्हणजे लगद्यापासून काढलेला कापडाचा धागा, बनवता येतो हे दाखवलं, आणि २०२२ मध्ये सुंड्सव्हाल इथे मोठा कारखाना सुरू केला. पण अपेक्षेइतक्या ऑर्डर आल्या नाहीत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ब्रँडनी कौतुक भरपूर केलं होतं, पण त्या मानाने माल उचलला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच वर्षी आल्टोर या गुंतवणूक संस्थेने ती विकत घेतली. आता सर्क्युलोज या नावाने ती काम करते आणि ब्रँडकडून खरेदीची हमी मिळवण्यावर तिचा भर आहे. मँगो आणि एच अँड एम या ब्रँडनी तिच्याशी करार केले आहेत.