टॉर्चचा उजेड पांढरा झाला आणि लाल रंग गेला

आता टॉर्च घ्यायची म्हटलं की केल्विन किती (म्हणजे उजेड पिवळसर की निळसर), सीआरआय किती (म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, 100 पैकी) हे बघावं लागतं, पण घरात दोन सेलची पत्र्याची बॅटरी असायची तेव्हा हा प्रश्नच नव्हता, उजेड एकच, पिवळा. डेव्हिड मिसेलला अमेरिकेत टॉर्चचं पेटंट मिळालं 1899 साली. तेव्हाचे सेल इतके कमजोर की बटण दाबून क्षणभर उजेड पाडायचा आणि सोडायचं, फ्लॅशलाईट हे नाव त्यातूनच आलं. पुढे टंगस्टनची तार आली, सेल सुधारले, पण तत्त्व तेच राहिलं, तापलेल्या तारेचा उजेड.

केल्विनचा आकडा या तापण्यावरूनच आलाय. मेणबत्ती साधारण 1900, पिवळा बल्ब 2700, दुपारचं ऊन 5500 च्या आसपास. आकडा वाढला की उजेड निळसर होतो, त्यामुळे ज्याला आपण वॉर्म म्हणतो त्याचा आकडा कमी असतो, इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. सेल उतरत आले की बॅटरीचा उजेड आधी पिवळा मग नारिंगी व्हायचा आठवतंय? तार थंड पडत होती, म्हणजे कलर टेंपरेचर उतरताना आपण डोळ्यांनी बघत होतो.

त्या तारेच्या उजेडात सगळे रंग असायचे, त्यामुळे सीआरआय आपोआप 100 च्या जवळ. रंग खरे दिसतात का हे मोजायची गरज पडली ट्यूबलाईट आल्यावर, आणि 1965 मध्ये सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने पद्धत ठरवली. आठ फिकट रंगांचे नमुने, त्यांची सरासरी. गडद लाल, ज्याला आर9 म्हणतात, तो या सरासरीत धरतच नाहीत. माझ्या मते आजच्या खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

कारण पांढरा एलईडी मुळात निळा असतो. शुजी नाकामुरांनी 1993 च्या सुमारास निचिया या जपानी कंपनीत झगझगीत निळा एलईडी बनवला (या कामाचं 2014 चं नोबेल त्यांना आकासाकी आणि आमानो यांच्यासोबत मिळालं), 1996 मध्ये निचियानेच त्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा रंग बदलणारी भुकटी) चढवून पांढरा उजेड काढला. निळा अधिक पिवळा, डोळ्याला पांढरा वाटतो पण त्यात लाल अगदी थोडा. लाल फॉस्फर जास्त घातला की रंग सुधारतात पण ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, कमी होतात, गडद लाल आपल्या डोळ्याला कमी उजळ दिसतो ना. आणि खोक्यावर ठळक छापतात ते ल्युमेन. म्हणून स्वस्त टॉर्च 6500 केल्विनच्या निघत राहिल्या, आणि सीआरआय 80 लिहिलेल्या एलईडीचा आर9 शून्याजवळ असू शकतो. सीआरआय 90 च्या वरचे एलईडी टॉर्चमध्ये आले ते ज्यांना हे खटकत होतं त्यांनी मागे लागून मागितले म्हणून.

मी 4000 केल्विन, सीआरआय 90 च्या वर आणि आर9 चा आकडा दिलेला असेल तरच घेतो. कोकणात रात्री परसात जाताना जुन्या निळसर टॉर्चमध्ये आंब्याचा वाळका पाला, लाल माती, दगड सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसायचं, आता पाला तांबूस दिसतो, माती लाल दिसते, आणि त्यात फुरसं बसलेलं असेल तर त्याच्या अंगावरची नक्षी पाल्यापासून वेगळी कळते.